पाखाडीवर गडगा घालायचा नाही : कॉपीलेफ्ट लायसन्स समजून घेताना

नवा वाय-फाय राउटर आणला की खोक्यातून यंत्र, अडॅप्टर, एक केबल आणि तळाशी घडी घातलेला पातळ कागद निघतो. कोकणात हे खोकं वरचेवर उघडावं लागतं, कारण मे अखेरीस वळवाची वीज कडाडली की घरोघरचे राउटर जळतात. त्या कागदावर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं आणि तो बहुधा खोक्याबरोबरच टाकला जातो. एकदा वाचून पाहा. बऱ्याच राउटरांच्या कागदावर अशा अर्थाचा मजकूर सापडतो, की या यंत्रातले काही प्रोग्रॅम ‘जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स’खाली आहेत आणि त्यांचा सोर्स कोड तुम्हाला आमच्याकडून मागून घेता येईल.

कंपनीने हे उपकार म्हणून छापलेलं नाही. ज्या लोकांनी ते प्रोग्रॅम लिहिले, त्यांनी कंपनीला ते वापरायला देतानाच अट घातलेली आहे : तुला जे मिळालं, ते तुझ्या गिऱ्हाइकालाही मिळालं पाहिजे. कंपनीने ही अट मोडली तर तिला तो प्रोग्रॅम यंत्रात घालून विकण्याचा हक्कच उरत नाही. या अटीला कॉपीलेफ्ट म्हणतात. जगभरातल्या सॉफ्टवेअरचा केवढा तरी भाग या एका अटीवर उभा आहे, आणि आपल्यासारख्या लहान गावांतल्या शाळा, वाचनालयं, सोसायट्या आणि होमस्टेवाल्यांना तिचा उपयोग शहरातल्या मोठ्या कंपन्यांपेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडं मुळापासून जावं लागेल.

माणूस प्रोग्रॅम लिहितो तेव्हा तो वाचता येण्याजोग्या ओळींत असतो. पेट्या इतक्या, दर इतका, त्यातून दलालाची अडत आणि गाडीभाडं वजा कर, उरलेली रक्कम बागायतदाराच्या नावे दाखव. या ओळी म्हणजे सोर्स कोड. यंत्राला त्या तशाच कळत नाहीत, म्हणून कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्यांचं आकड्यांत रूपांतर करतो. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाती बहुधा हे आकड्यांचं रूपच येतं. ते चालतं, पण वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून दुरुस्तही करता येत नाही. हिशेबाची पद्धत बदलली की ज्याच्याकडे मूळ ओळी आहेत त्याच्याच दाराशी जावं लागतं. तो फोन उचलेनासा झाला की काम अडलं.

हक्क आपोआप मिळतो, परवानगी मिळत नाही

आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. 1984 च्या दुरुस्तीने त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींमध्ये झाला, त्यामुळे कायद्याच्या लेखी बिलिंगचा प्रोग्रॅम आणि कादंबरी एकाच रांगेत बसतात. कोड लिहून झाला की लेखकाचा हक्क तिथेच सुरू होतो. नोंदणी करावी लागत नाही, कुठे शिक्का मारून घ्यावा लागत नाही. लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तो हक्क राहतो. नक्कल करणं, वाटणं, त्यात बदल करून नवं काही बनवणं या सगळ्याला त्याची परवानगी लागते.

इथेच पुष्कळांची गल्लत होते. इंटरनेटवर कुणीतरी कोड उघडा ठेवला आहे, सगळ्या जगाला दिसतो आहे, म्हणजे तो घ्यायला मोकळा आहे असा समज असतो. तसं नाही. ज्या कोडसोबत लायसन्स नाही, तो वाचायला मिळाला तरी त्याच्या प्रती काढून वाटायची परवानगी मिळालेली नसते. कॉलेजातली मुलं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हौसेने गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकतात आणि लायसन्सची फाइल ठेवायला विसरतात. त्यांना वाटतं आपण जगाला देऊन टाकलं, पण कायद्याने सगळे हक्क त्यांच्याचकडे राहिलेले असतात, आणि एखाद्या सावध माणसाला तो कोड वापरायची इच्छा असूनही वापरता येत नाही.

लायसन्स म्हणजे मालकाने आधीच लिहून ठेवलेली परवानगी. मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सांत ही परवानगी चार गोष्टींची असते : प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवा, तो कसा चालतो ते बघा आणि आपल्या गरजेनुसार बदला, दुसऱ्याला प्रती द्या, आणि बदललेल्या प्रतीही द्या. इथपर्यंत सगळी लायसन्सं सारखीच. फरक पडतो तो पुढच्या माणसाच्या बाबतीत.

एमआयटी, बीएसडी, अपाची या नावांची लायसन्सं ढिली आहेत. घ्या, बदला, विका, हवं तर कुलपात घालून विका. फक्त मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्सचा मजकूर पुसू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. अशा कोडवर एखाद्या कंपनीने चार महिने काम करून बंदिस्त उत्पादन बाजारात आणलं, तर त्यातली सुधारणा कुणालाही दाखवायला ती बांधील नसते.

कॉपीलेफ्ट एक पाऊल पुढे जातं. गुहागर-दापोलीकडच्या वाड्यांमधल्या जांभ्याच्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, आठवा. पाखाडी कुणाच्या तरी आगरातूनच खाली उतरते. जमीन त्याची, माड त्याचे, पोफळी त्याच्या. पण ये-जा सगळ्या वाडीची. उद्या त्याने ते आगर मुंबईच्या माणसाला विकलं, तरी नव्या मालकाला पाखाडीवर आडवा गडगा घालता येत नाही. वहिवाटीचा हक्क विकणाऱ्यापाशी थांबत नाही, जमिनीबरोबर पुढे जातो. जमिनीचा दर काय लावायचा यावर मात्र काही बंधन नाही. कॉपीलेफ्टचा कोड असाच हातोहात जातो : विका, पैसे घ्या, आपली भर घाला, पण ज्याच्या हातात तो पडेल त्याला सोर्स कोड आणि त्याच चार परवानग्या, त्याच लायसन्सखाली, मिळाल्याच पाहिजेत.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉपीलेफ्टमध्ये लेखक आपला कॉपीराइट सोडत नाही. सोडला असता तर अट घालायला त्याच्या हातात काही उरलंच नसतं. ज्या कायद्याच्या जोरावर लोक कोड बंद करतात, त्याच कायद्याच्या जोरावर हा कोड उघडा ठेवला जातो. ही युक्ती मला फार सुंदर वाटते. संसदेत नवा कायदा करावा लागला नाही, कुणाकडे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या नाहीत.

हे सुचलं कुठून

अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सोय केली होती, की कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना कॉम्प्युटरवर निरोप जाई. पुढे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड आला नाही. कागद अडकत राहिला आणि दुरुस्ती हाताशी असूनही करता येईना. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडे तो कोड होता, त्याने गुप्ततेचा करार केला असल्यामुळे द्यायला नकार दिला. स्टॉलमन यांच्या मनात ते सलत राहिलं. 27 सप्टेंबर 1983 रोजी त्यांनी जीएनयू नावाची संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) लिहायचं जाहीर केलं, आणि 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली.

प्रिंटरने राग आणला, पण लायसन्सची गरज पटवली ती दुसऱ्या प्रसंगाने. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची एक आवृत्ती जेम्स गॉस्लिंग यांनी लिहिली होती आणि ती मोकळेपणाने फिरत होती. स्टॉलमन यांनी आपल्या जीएनयू ईमॅक्समध्ये त्यातला काही कोड घेतला. पुढे गॉस्लिंग यांनी हक्क युनिप्रेस या कंपनीला विकले आणि कंपनीने तो कोड वाटायला हरकत घेतली. स्टॉलमन यांना 1985 मध्ये तेवढा भाग काढून नव्याने लिहावा लागला. तोंडी किंवा अर्धवट परवानगीवर उभं केलेलं काम केव्हाही पायाखालून काढून घेतलं जाऊ शकतं, हे त्यातून लख्ख दिसलं. त्याच वर्षांत ईमॅक्सपुरतं लायसन्स तयार झालं, आणि फेब्रुवारी 1989 मध्ये कुठल्याही प्रोग्रॅमला लावता येईल असं जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल आलं. दुसरी आवृत्ती जून 1991 ची.

त्याच 1991 मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्यांच्या लायसन्समध्ये पैसे घेऊन वाटायला मनाई होती. 1992 मध्ये त्यांनी ते बदलून जीपीएलची दुसरी आवृत्ती लावली. विकायला मोकळीक, पण बदल दडवायला बंदी, या जोडीमुळे एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एकाच कर्नलवर काम करू लागल्या, कारण आपण घातलेली भर दुसरा कुलपात टाकणार नाही याची प्रत्येकीला खात्री होती.

तो कर्नल तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, तिथल्या कायदेशीर माहितीत ओपन सोर्स लायसन्सांचं पान सापडेल. बोट सरकवत गेलात तर ते पान लवकर संपत नाही. फाइलीमागून फाइल, आणि प्रत्येकीखाली कोणाचा हक्क, कोणतं लायसन्स. या एका यंत्रात दोन्ही जाती एकत्र नांदतात. तळाचा लिनक्स कर्नल जीपीएलखाली, वरचा अँड्रॉइडचा बराचसा भाग अपाची लायसन्सखाली. म्हणून फोन कंपन्यांना आपल्या कर्नलचा कोड द्यावा लागतो, पण वरच्या थरात त्यांनी केलेले बदल त्या झाकून ठेवू शकतात.

भीती कुठे खरी, कुठे खोटी

जीपीएलबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी भीती अशी : हा कोड नुसता वापरला तरी आपलं सगळं उघडं करावं लागेल. हे चूक आहे. जीपीएलची सोर्स कोड द्यायची अट प्रोग्रॅम वापरण्यावर नाही, वाटण्यावर आहे. वेंगुर्ल्याच्या एखाद्या काजू कारखान्याने जीपीएलचा प्रोग्रॅम घेतला, त्यात स्वतःच्या हिशेबासाठी वाटेल तेवढे बदल केले आणि तो कारखान्यातच वापरला, तर एक ओळही कुणाला दाखवायची गरज नाही. तोच प्रोग्रॅम त्यांनी शेजारच्या कारखान्याला दिला, मग फुकट दिला की विकला याला महत्त्व नाही, तर त्या शेजाऱ्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे. सगळ्या जगाला देण्याचं, किंवा बदल मूळ लेखकाला परत पाठवण्याचं बंधन तेव्हाही नाही. पाठवले तर चांगलंच, पण ती सक्ती नव्हे.

प्रोग्रॅम वापरून तुम्ही जे तयार करता तेही तुमचंच. क्यूजीआयएस हा नकाशे करायचा प्रोग्रॅम जीपीएलखाली आहे. त्यावर कुणी खाडीकिनाऱ्याच्या कांदळवनाचा नकाशा केला तर तो नकाशा जीपीएलखाली जात नाही. गिंपमध्ये केलेलं जत्रेचं पोस्टर, ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रित केलेलं दशावताराचं पद, ब्लेंडरमधलं चलच्चित्र यांनाही तेच लागू. देवनागरी फॉन्टांचं पाहा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू, तसंच लोहित हे फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहेत. त्या फॉन्टात बदल करून नवा फॉन्ट वाटलात तर त्यालाही तेच लायसन्स लावावं लागतं, पण त्यात छापलेली लग्नपत्रिका किंवा पुस्तक मोकळंच राहतं. चिपळूणच्या फ्लेक्सवाल्याने बिनघोर वापरावेत असे हे फॉन्ट आहेत.

‘मुक्त’ म्हणजे फुकट हाही गैरसमज. जीपीएलचा प्रोग्रॅम हव्या त्या किमतीला विकता येतो. बसवून देण्याचे, शिकवण्याचे, दुरुस्तीचे, नवी सोय घालून देण्याचे पैसे तर घ्यावेतच. एवढंच, की विकत घेणाऱ्याला पुढे वाटायची बंदी तुम्ही घालू शकत नाही.

आता खरी अडचण. जीपीएलचा कोड आणि स्वतःचा कोड एकत्र विणून एकच प्रोग्रॅम बनवला आणि तो वाटला, तर तो सबंध प्रोग्रॅम जीपीएलखाली द्यावा लागतो. दोन वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच पेन ड्राइव्हवर शेजारी ठेवले तर मात्र काही होत नाही. ‘विणलं’ कशाला म्हणायचं आणि ‘शेजारी ठेवलं’ कशाला, याची रेघ काही ठिकाणी पुसट आहे आणि त्यावर जाणकारांतही वाद होतात. त्यासाठी मधल्या वाटा आहेत. एलजीपीएल हे जीपीएलचं सौम्य रूप मुख्यतः लायब्ररींसाठी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना जोडून वापरायच्या तयार कोडसाठी, आहे : लायब्ररीत केलेले बदल उघडे ठेवा, पण तिला जोडलेला तुमचा प्रोग्रॅम बंद राहिला तरी चालेल. मोझिला पब्लिक लायसन्स फाइलच्या पातळीवर थांबतं : आमच्या ज्या फाइलीला हात लावाल ती उघडी, तुमची नवी फाइल तुमच्या मर्जीची. लिब्रेऑफिस या लायसन्सखाली मिळतं.

चुकून अट मोडली तर तुमचा कोड आपोआप जीपीएलचा होतो, असंही कुणी सांगतात. तसं होत नाही. तुम्ही परवानगीशिवाय वाटप केलं एवढंच घडतं, आणि ते कॉपीराइटचं उल्लंघन ठरतं. मग वाटप थांबवायचं, तो भाग काढून टाकायचा, की अट पाळून कोड द्यायचा, ही निवड तुमचीच राहते. झालेल्या उल्लंघनाची भरपाई मागितली जाऊ शकते, हे खरं. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा चुकणाऱ्याला सवलतही आहे : नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत चूक सुधारली तर परवानगी परत लागू होते.

होमस्टेवाल्यांना या सगळ्यातली एक बाब थेट उपयोगाची आहे. मालवण-तारकर्लीकडच्या कितीतरी लॉजिंगवाल्यांच्या आणि स्कुबावाल्यांच्या वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या प्रोग्रॅमवर चालतात. वर्डप्रेस जीपीएलखाली आहे, आणि त्यात घातलेल्या प्लगइनचा, म्हणजे जादा सोयीसाठी जोडलेल्या तुकड्याचा, पीएचपी भाषेतला कोडही त्याच लायसन्सखाली येतो अशी त्या प्रकल्पाची भूमिका आहे. वेबसाइट करणाऱ्याने तुमच्यासाठी बुकिंगचं प्लगइन लिहून तुमच्या हवाली केलं, तर या भूमिकेप्रमाणे ते दुसऱ्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यायचा, बदलून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. ‘माझा कोड आहे, दुसऱ्याने हात लावायचा नाही’ हे त्याचं बोलणं तिथे टिकत नाही. वेबसाइट करणाऱ्या मुलांनीही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. पैसे कामाचे घ्यावेत, अडवणुकीचे घेऊ नयेत.

अट पाळली नाही तर

2002 च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी54जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. 2003 मध्ये लिनक्सच्या जाणकारांच्या लक्षात आलं, की यात लिनक्स आहे आणि सोर्स कोड कुठेच नाही. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती, त्यामुळे प्रकरण मोठ्या कंपनीच्या गळ्यात आलं. बरीच कुरबुर झाल्यावर कोड द्यावा लागला. तो हाती येताच लोकांनी त्या साध्या घरगुती राउटरमध्ये अशा सोयी घातल्या, ज्या कंपनीने कधी दिल्याच नव्हत्या, आणि 2004 मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तो आजही चालू आहे आणि शेकडो जातींच्या राउटरांवर चालतो. कंपनीने अपडेट द्यायचं थांबवलेल्या बऱ्याच जुन्या राउटरांनाही त्यावर सुरक्षिततेची दुरुस्ती मिळत राहते. सिस्कोच्या इतर उत्पादनांबाबत तक्रारी राहिल्याच, म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर 2008 मध्ये दावा लावला. मे 2009 मध्ये तडजोड झाली.

न्यायालयांनीही या अटी मानल्या आहेत. 2004 मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने लिनक्सचे एक प्रोग्रॅमर हॅराल्ड वेल्टे यांच्या दाव्यात जीपीएल बंधनकारक धरलं. 2008 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने, खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या खटल्यात, मुक्त लायसन्सच्या अटी मोडणं हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं असा निकाल दिला. पैसे घेतलेले नाहीत म्हणून अट पोकळ ठरत नाही, हा त्याचा गाभा.

पळवाटाही निघाल्या. टिव्हो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरने लिनक्सचा कोड दिला, पण बदललेला कोड त्या यंत्रात चालणारच नाही असं कुलूप हार्डवेअरमध्ये घातलं. जून 2007 मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या यंत्रांसाठी ही पळवाट बुजवली. टॉरव्हाल्ड्स यांना ते पटलं नाही आणि लिनक्स दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला.

दुसरी पळवाट जास्त मोठी आहे, कारण आज सगळं ‘ऑनलाइन’ झालं आहे. कंपनीने प्रोग्रॅम तुम्हाला दिलाच नाही, आपल्या सर्व्हरवर ठेवला आणि तुम्ही ब्राउझरमधून वापरता, तर वाटप झालंच नाही. मग कोड द्यायची अटही लागू होत नाही. यासाठी नोव्हेंबर 2007 मध्ये जीएनयूचं अफेरो जीपीएल आलं. बदललेला प्रोग्रॅम नेटवरून लोकांना वापरू द्याल, तर त्या वापरणाऱ्यांना कोड मागता आला पाहिजे, अशी जादा अट त्यात आहे.

वाचनालयांच्या जगात हे घडलेलं आहे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या वाचनालय संस्थेने करून घेतलं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर 2000 साल ओलांडू शकणार नव्हतं आणि बाजारातलं नवं त्यांना परवडणारं नव्हतं. केटिपो या न्यूझीलंडमधल्याच कंपनीकडून ते लिहून घेतलं, जानेवारी 2000 मध्ये ते सुरू झालं, आणि ते जीपीएलखाली मोकळं केलं. आज ते जगभर चालतं, भारतातल्या अनेक विद्यापीठांत चालतं, आणि त्यात युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांसाठी ठरलेली एकच संकेतपद्धती, असल्याने पुस्तकाचं नाव, लेखक, विषय सगळं देवनागरीत नोंदवता येतं. 2009 मध्ये लिबलाइम या अमेरिकी कंपनीने कोहाची आपली वेगळी आवृत्ती काढली, ग्राहकांना ती स्वतःच्या सर्व्हरवरून दिली आणि त्यातले बदल कोहा घडवणाऱ्या-वापरणाऱ्यांच्या समुदायाला लगेच खुले केले नाहीत. समुदाय संतापला, पण जीपीएलची अट मोडली असं म्हणता येत नव्हतं. मूळ कोड मात्र मोकळाच होता, म्हणून बाकीचे लोक तो घेऊन पुढे गेले आणि कोहा जिवंत राहिलं.

1828 साली सुरू झालेलं नगर वाचनालय रत्नागिरीत आहे. वाचनालयांची एवढी जुनी परंपरा असलेल्या किनाऱ्यावर ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली लहान वाचनालयं अनुदानावर कशीबशी चालतात, आणि त्यांचीच सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत जास्त अडवणूक होते. एका वाचनालयाचा कॉम्प्युटर मी स्वतः उघडून पाहिला आहे. प्रोग्रॅम सुरू केला की तो नवी लायसन्स-की मागे. की देणाऱ्या कंपनीचा फोन बंद. डेटाची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तर मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा चुरा, कारण नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केलेल्या होत्या. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “पुस्तकं तर सगळी कपाटात आहेत हो, पण कुठलं कुणाकडे गेलंय ते आता सांगता येत नाही.” शेवटी जुन्या दाखल नोंदवह्या काढून सगळं पहिल्यापासून भरावं लागलं. कोड हाताशी असता तर तालुक्यातला एखादा होतकरू मुलगा हे काम थोडक्यात निभावून नेता.

म्हणून माझं मत असं आहे. जिथे लोकांचा पैसा लागतो, ग्रामपंचायत असो, वाचनालय असो, मच्छीमार सोसायटी असो, तिथे करून घेतलेलं सॉफ्टवेअर कॉपीलेफ्ट असावं, आणि ते नेटवरून चालणारं असेल तर अफेरो जीपीएल लावावं. एका सोसायटीने खर्च केला की दुसरीला तोच खर्च पुन्हा करावा लागू नये, आणि मधल्या कुणी त्यावर कुलूप लावून तेच परत विकू नये. लहानशी लायब्ररी, जसं की मराठी तारखा किंवा अंक अक्षरांत लिहून देणारा तुकडा, सगळीकडे पसरावा असं वाटत असेल तर एमआयटीसारखं ढिलं लायसन्स पुरे. तिथे कुलपाचा धोका कमी आणि प्रसाराचा फायदा मोठा.

सॉफ्टवेअर लिहून घेताना करारात काय लिहायचं, यात मात्र हयगय नको. नोकरीत असलेल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, त्याला नोकरीवर ठेवणारा असतो. पण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन कोड लिहून घेतला, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पहिला हक्क सहसा लिहिणाऱ्याचाच राहतो. पैसे दिले म्हणून तो संस्थेकडे येत नाही. तेव्हा एक तर हक्क संस्थेच्या नावे लेखी करून घ्यावा, किंवा लिहिणाऱ्यानेच कोड जीपीएलखाली द्यावा असं ठरवावं. हक्क करून घेताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहायचा. मुदत लिहिली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लायसन्सचा पूर्ण मजकूर कोडच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवायचा, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर वर्ष, हक्कधारकाचं नाव आणि लायसन्सची आवृत्ती लिहायची. जीपीएलमध्ये सोर्स कोड म्हणजे नुसत्या ओळी नव्हेत. त्या ओळींपासून चालता प्रोग्रॅम तयार करायला लागणाऱ्या स्क्रिप्टही त्यात येतात. त्यामुळे शेवटचा हप्ता देण्याआधी हाती आलेला कोड दुसऱ्याच एखाद्या जाणकाराकडे द्यावा, त्याच्या कॉम्प्युटरवर पहिल्यापासून उभा करून घ्यावा, आणि तो तिथे चालला तरच पावती करावी.